गोदाम पाहिल्यावाचून कर्ज नाही

गेल्या मे महिन्यातील एका रविवारी सकाळी माझा पुतण्या, त्याची पत्नी आणि त्यांची मुलगी असे तिघेजण आमच्याकडे आले. पुतण्याचा भुसार मालाचा व्यापार आहे. त्यामुळे कोणतीही गोष्ट कागदावर रकाने आखून मांडल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही. चहा होताच त्याने पिशवीतून एक मोठा तक्ता काढला आणि टीपॉयवर पसरला. मुलीची नीट परीक्षा नुकतीच झाली होती. उत्तरतालिकेवरून गुणांचा अंदाज आला होता. एमबीबीएसला जागा मिळणार नाही, बीडीएसला मात्र निश्चित मिळेल, असा एकंदर हिशेब होता. मुलीला त्याचे दुःख नव्हते. लहानपणापासून मेंदी काढण्यात, बारीक कलाकुसरीत तिचा हात चालतो. दंतवैद्यक हे हाताचे काम आहे म्हणूनच ते तिला हवे होते.

"काका, आयुष्यभर तुम्ही बँकेत दुसऱ्यांच्या फायली तपासल्यात. आता घरची एक फाईल तपासा," पुतण्या म्हणाला.

तक्ता नीटनेटका होता. महाविद्यालयाचे नाव, गावापासूनचे अंतर, वार्षिक शुल्क, मागील वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, राष्ट्रीय क्रमवारीतील स्थान, वसतिगृह, इमारत. या सर्वांच्या आधारे त्याने क्रम लावला होता आणि त्यामागचे सूत्र स्पष्ट होते: जेथे प्रवेश अवघड, तेथील शिक्षण उत्तम. मी तक्ता दोनदा वाचला. त्यात एक रकाना नव्हता, आणि नेमका तोच रकाना न पाहिल्यामुळे माझ्या हातून एकदा चूक घडली होती. ती चूक आज वीस वर्षांनंतर येथे सांगतो, कारण आपल्या समाजातील अनेक घरांत दर उन्हाळ्यात असाच तक्ता पसरलेला असतो.

मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. बाजारपेठेतील एका कापड दुकानदाराचा मुलगा दंतवैद्यकीय शिक्षणासाठी निघाला होता. दुकानाची जागा तारण ठेवून शैक्षणिक कर्ज मागितले होते. मी महाविद्यालयाची मान्यता पाहिली, शुल्काचे पत्रक पाहिले, गुळगुळीत कागदावरचे माहितीपुस्तक पाहिले, आणि कर्ज मंजूर केले. नियमाप्रमाणे त्यात काहीही उणे नव्हते. पुढे काही वर्षांनी हप्ते थकू लागले. माझी बदली झालेली होती, पण मुलाच्या वडिलांशी ओळख टिकून होती. एका लग्नसमारंभात तो मुलगा भेटला. आता डॉक्टर झालेला होता. बाजूला घेऊन तो म्हणाला, "साहेब, पदवी मिळाली, पण हात मिळाला नाही. आमच्याकडे रुग्णच नसत. तपासणीचे पथक येणार असले की आसपासच्या वाड्यांवरून टेम्पोने माणसे आणून बसवत. एरवी कोटा पुरा करण्यासाठी आम्हीच मामा, मावशी, शेजारी यांना बोलावत असू. रूट कॅनाल मी जितके केले त्यापेक्षा जास्त वहीत लिहिले."

पुढची दोन वर्षे त्या मुलाने एका ज्येष्ठ दंतवैद्याकडे अगदी अल्प वेतनावर काम केले आणि खऱ्या अर्थाने विद्या तेथे मिळवली. आज त्याचा स्वतःचा दवाखाना व्यवस्थित चालतो. परंतु ते कर्ज फेडण्यासाठी वडिलांना एक प्लॉट विकावा लागला, हे मी विसरू शकत नाही. व्यापाऱ्याला माल-तारण कर्ज देताना मी कधी नुसत्या स्टॉक स्टेटमेंटवर विसंबलो नव्हतो. गोदामात जाऊन पोती मोजल्याशिवाय सही करायची नाही, हा माझा नियम होता. शिक्षणाच्या बाबतीत मात्र मी स्टॉक स्टेटमेंटवर सही केली; गोदाम पाहिलेच नाही. दंत महाविद्यालयाचे गोदाम म्हणजे तेथील रुग्ण. तो रकाना पुतण्याच्या तक्त्यात नव्हता.

आता 'अवघड' या शब्दाचा विचार करू. तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण हा एकच शब्द लावतो.

पहिली गोष्ट प्रवेशाची. बीडीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. महाराष्ट्रातील शासकीय आणि खाजगी महाविद्यालयांतील राज्याच्या जागा सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, तर शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत विद्यापीठांतील जागा केंद्रीय समुपदेशन समितीमार्फत भरल्या जातात. शेवटच्या प्रवेशाचे गुण हे मागणीचे माप आहे. शुल्क कमी, शहर मोठे, वसतिगृह बरे, की गुण वर जातात. त्यावरून शिकवण्याची प्रत कळतेच असे नाही. देशपातळीवर तर चित्र उलटेही दिसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात बीडीएसच्या प्रथम वर्षाच्या सुमारे सात हजार जागा रिकाम्या असल्याचे पुढे आले आणि न्यायालयाने त्या वर्षासाठी पात्रतेची पर्सेंटाइल मर्यादा दहाने खाली आणण्याचा आदेश दिला. म्हणजे कोठेतरी जागा मिळणे हे फारसे अवघड राहिलेले नाही. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

दुसरी गोष्ट परीक्षेची. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता, असा बीडीएसचा एकूण पाच वर्षांचा क्रम आहे. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि दातांची रचना. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, दंतसाहित्य. तिसऱ्या वर्षी सामान्य वैद्यक आणि शल्यक्रियाही. वाणिज्य शाखेच्या घरातून आलेल्या मुलांना पहिल्या दोन वर्षांचा हा भार अनपेक्षित वाटतो. 'दातांचाच तर कोर्स' असे म्हणून घरची मंडळी तो हलका समजतात, आणि मूल पहिल्या वर्षी अडखळले की त्यालाच बोल लावतात. उत्तीर्ण होण्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण लागतात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांची विद्यापीठ परीक्षा एकच असते. अभिमत विद्यापीठे आपापली परीक्षा स्वतः घेतात. त्यामुळे दोन ठिकाणच्या निकालांच्या टक्केवारीची तुलना करताना प्रश्नपत्रिका कोणाची होती, हे आधी विचारले पाहिजे. दोन वेगळ्या तराजूंवर तोललेल्या मालाची तुलना कोणताही व्यापारी करणार नाही.

तिसरी गोष्ट कामाची, आणि माझ्या मते हीच खरी कसोटी. रुग्णाला हात लावण्यापूर्वी विद्यार्थ्याला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरून काढावे लागतात. प्रत्येक दाताचे उंचवटे, खळगे, कडा हुबेहूब उतरल्या पाहिजेत. पुढे कृत्रिम डोक्यात बसवलेल्या दातांवर पोखरणे आणि भरणे यांचा सराव होतो; कवळीचे दात मेणात रचून पाहावे लागतात. चांगल्या ठिकाणी शिक्षक ते काम हातात घेऊन निरखतात, कोठे चुकले ते दाखवतात आणि पुन्हा करायला लावतात. विद्यार्थी रात्री जागतात, रडकुंडीला येतात आणि "आमचे कॉलेज फार अवघड आहे" असे घरी कळवतात. हे अवघडपण स्वागतार्ह आहे. जेथे पहिल्याच खेपेला सही मिळते, ते महाविद्यालय सोपे खरे. पण त्या सोपेपणाची किंमत पुढे रुग्ण मोजतो. याउलट जेथे कारण न सांगता काम फेकून दिले जाते आणि अंतर्गत गुणांचा धाक घातला जातो, तेथील अवघडपणातून विद्या वाढत नाही, केवळ भीती वाढते. मुले कशाबद्दल कुरकुरतात ते शांतपणे ऐकले, तर हा भेद पालकांना ओळखता येतो.

तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थी रुग्णांवर काम करू लागतो. येथे महाविद्यालयामहाविद्यालयांत जो फरक पडतो, तो माहितीपुस्तकात कधीच सापडत नाही.

मोठ्या शहरातील सार्वजनिक महाविद्यालये घ्या. मुंबईचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ सालचे. ते महानगरपालिका चालवते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. गोव्यात बांबोळीचे शासकीय दंत महाविद्यालय १९८० पासून सुरू आहे. अशा संस्थांत अल्प शुल्कात उपचार होतात. म्हणून गरीब व मध्यमवर्गीय रुग्णांची रीघ लागते. विद्यार्थ्याला भूल देणे, दाढ काढणे, गुंतागुंत झाली तर सांभाळणे, या गोष्टींची सवय होते. उणी बाजू अशी, की गर्दीत प्रत्येक रुग्णाला पुरेसा वेळ देता येतोच असे नाही, साहित्यासाठी कधी थांबावे लागते, आणि आधुनिक यंत्रे असली तरी पदवीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला ती कितपत येतात हा प्रश्न उरतो.

दुसरा वर्ग मोठ्या रुग्णालयांना जोडलेल्या ग्रामीण भागातील संस्थांचा. वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथील शरद पवार दंत महाविद्यालय किंवा लोणी येथील प्रवरा संस्थेचे ग्रामीण दंत महाविद्यालय ही त्याची उदाहरणे. दोन्ही अभिमत विद्यापीठांची आहेत. शेजारीच सर्वसाधारण रुग्णालय असल्यामुळे मधुमेही, हृदयविकारी, अपघातग्रस्त अशा रुग्णांच्या दातांचा विचार करायला विद्यार्थी शिकतो. विदर्भात खर्‍याच्या व्यसनामुळे तोंड उघडेनासे झालेले रुग्ण मोठ्या संख्येने येतात. तोंडाच्या कर्करोगाची पूर्वचिन्हे वेळीच ओळखण्याची नजर तेथे तयार होऊ शकते. ही नजर शहरातल्या चकचकीत दवाखान्यात मिळणे कठीण.

तिसरा वर्ग शहरांतील आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या खाजगी महाविद्यालयांचा. यात फार मोठी तफावत आढळते. काहींनी वर्षानुवर्षे शिबिरे घेऊन, गावोगावी गाडी पाठवून आणि दर माफक ठेवून रुग्णांचा विश्वास मिळवला आहे. काही ठिकाणी मात्र इमारत मोठी आणि बाके रिकामी. म्हणून 'खाजगी म्हणजे वाईट' किंवा 'शासकीय म्हणजे उत्तम' असा सरसकट शेरा मी मारणार नाही. बँकेतही आम्ही 'किराणा व्यापार चांगला' म्हणून कर्ज देत नसू. त्या विशिष्ट दुकानाचा गल्ला पाहत असू.

आणखी एक बारकावा. ज्या महाविद्यालयात एमडीएसचे अनेक विभाग आहेत तेथे अध्यापक अनुभवी असतात आणि रुग्णही अधिक येतात. परंतु कठीण रुग्ण पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे जातात आणि बीडीएसच्या मुलाकडे दात साफ करणे व साधी भरणी एवढेच उरते, असेही घडू शकते. दाढेचा रूट कॅनाल किंवा पूर्ण कवळी पदवीच्या विद्यार्थ्याने स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत केली का, असे थेट विचारावे.

राष्ट्रीय क्रमवारीचे काय, असे पुतण्याने विचारले. एनआयआरएफमध्ये दंतवैद्यकीय हा स्वतंत्र विभाग २०२० पासून आहे. अध्यापन व साधने, संशोधन, पदवीधरांची फलनिष्पत्ती, सर्वसमावेशकता आणि लोकमानस असे पाच निकष त्यात धरले जातात. निकष उपयुक्त आहेत. पण एका विद्यार्थ्याने किती दाढा काढल्या आणि त्या काढताना शिक्षक जवळ उभे होते का, हे त्यातून कळत नाही. शोधनिबंधांची संख्या वाढली म्हणून विद्यार्थ्याचा हात सुधारतो असे नव्हे. क्रमवारी ही ताळेबंदासारखी आहे. ती वाचावी, पण दुकान पाहण्याचा आळस करू नये.

मग पाहायचे कसे? मी पुतण्याला जे लिहून दिले, तेच येथे देतो. नीट परीक्षा मे महिन्यात होते आणि निकाल साधारणतः जूनमध्ये लागतो. मधला काळ महाविद्यालये पाहण्यासाठी वापरावा. निकालानंतर पसंतीक्रम भरण्याची घाई असते. आधी कळवून जाऊ नये. साध्या कामकाजाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसावे. केसपेपरच्या खिडकीवर त्या दिवशीचा क्रमांक कितीवर गेला आहे ते पाहावे. मजल्यावरून फिरताना किती खुर्च्यांवर रुग्ण आहेत आणि किती खुर्च्यांवर प्लॅस्टिकचे आच्छादन आहे, ते मोजावे. उपकरणे निर्जंतुक करण्याची व्यवस्था कोठे आहे ते विचारावे. अधिष्ठात्यांना अवश्य भेटावे, पण विश्वास आंतरवासिता करणाऱ्या मुलामुलींच्या शब्दांवर ठेवावा. त्यांना तीन प्रश्न पुरेत: रुग्ण कोण आणतो, संस्था की तुम्ही? काम चुकले तर शिक्षक काय करतात? उद्या एकट्याने दवाखाना उघडलात तर कोणत्या कामाची भीती वाटेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते.

पैशाची बाजूही पाहिलीच पाहिजे. राज्यातील खाजगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते जाहीर असते. अभिमत विद्यापीठांचे शुल्क सहसा बरेच अधिक असते. शुल्काखेरीज उपकरणांचा संच, साहित्य, वसतिगृह आणि भोजन यांचा खर्च पाच वर्षांसाठी मांडावा. आंतरवासितेत विद्यावेतन प्रत्यक्ष मिळते का, तेही आंतरवासितांनाच विचारावे. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि साडेसात लाखांच्या वर मालमत्ता तारण द्यावी लागते. अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही, पण व्याज त्या काळातही चालूच असते. अनेक पालक हे विसरतात. शक्य असेल त्यांनी व्याज दरमहा भरत जावे. शिवाय बीडीएसनंतर दवाखाना थाटायचा किंवा एमडीएस करायचे, म्हणजे खर्च संपत नाही. सगळी पुंजी पहिल्या पाच वर्षांतच ओतली, तर पुढे हात आखडतो.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेणाऱ्या या कायद्यात पदवीनंतर देशपातळीवरील एक्झिट परीक्षेची आणि महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. सर्व महाविद्यालयांची मुले एकाच परीक्षेला बसू लागली म्हणजे तुलनेसाठी एक समान तराजू हाती येईल. तरीही लेखी परीक्षेतून हाताची पारख किती होणार, ही शंका राहतेच.

त्या आठवड्यात आम्ही चौघेजण दोन महाविद्यालये पाहून आलो. पहिल्याचा प्रवेशकक्ष संगमरवरी होता, स्वागतिका नम्र होती, उपाहारगृहात आपल्या पद्धतीचे जेवण मिळत होते. सूनबाई प्रसन्न झाल्या. सकाळचे अकरा वाजले होते. एका विभागात मी वीस खुर्च्या मोजल्या आणि चार रुग्ण. दुसरे महाविद्यालय घरापासून एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर होते. भिंतींचा रंग उडालेला, रुग्णांची रांग जिन्यापर्यंत आलेली. एका खुर्चीपाशी अंतिम वर्षाची एक मुलगी एका वृद्ध गृहस्थांची दाढ काढत होती. तिच्यामागे एक पाऊल अंतरावर शिक्षिका हात मागे बांधून उभ्या होत्या. एक शब्दही बोलत नव्हत्या, पण नजर हलत नव्हती. दाढ निघाली, तेव्हा त्यांनी मुलीला ती हातात घेऊन मुळे पूर्ण आली आहेत का ते तपासायला सांगितले. आमची नात तेथेच थबकून पाहत राहिली. परतीच्या प्रवासात ती एवढेच म्हणाली, "आजोबा, मला मागे कोणीतरी उभे असलेले कॉलेज हवे."

सूनबाईंची काळजी निराधार नव्हती. मुलगी इतकी दूर राहणार, सूर्यास्तापूर्वीचे भोजन कसे होणार, आजारी पडली तर कोण पाहणार? या प्रश्नांना माझ्या तक्त्यात उत्तर नव्हते आणि मी ते देण्याचा आवही आणला नाही. पुतण्याने तेथील एका परिचित कुटुंबाशी बोलून डब्याची सोय केली. बाकीचे प्रश्न आईच्या मनात अजून आहेत, आणि ते राहणारच. तरीही पसंतीक्रमात दूरचे महाविद्यालय पहिले लिहिले गेले, आणि तेथेच प्रवेश मिळाला.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा बोटांना छोट्या जखमांच्या खुणा होत्या. मेणाची दाढ शिक्षिकेने तीनदा परत केली होती, चौथ्यांदा स्वीकारली. ती तक्रार करत होती आणि मी ऐकत होतो. ती चौथी दाढ तिने डबीत जपून आणली होती. मी चष्मा लावून ती निरखली. मला त्यातले काही कळत नाही. पण तक्त्यातल्या त्या रिकाम्या रकान्यात आता एक नोंद झाली आहे, एवढे मला कळले.

येत्या मे महिन्यात ज्या घरांत असा तक्ता पसरला जाईल, त्यांना माझे सांगणे इतकेच: इमारत, क्रमवारी, गुण हे सर्व लिहा. मग एक दिवस दुकान बंद ठेवा, मुलाला बरोबर घ्या आणि रुग्णांची रांग पाहून या. एक दिवसाच्या विक्रीचे नुकसान होईल. पाच वर्षांचे टळेल.